अण्णांचा मुका हॉर्न

आज सुरुवातीलाच एक आवाज ऐकवते. जरा कान देऊन ऐका.

"टिक्."

बस, एवढाच. जे हे ऐकत नाहीत, वाचतायत, त्यांच्यासाठी सांगते: बोटाने टिचकी मारल्यासारखा बारीक आवाज आहे. आमच्या पिकअपच्या स्टेअरिंगवर तळहात दाबला की निदान महिनाभर फक्त एवढाच आवाज येत होता. आणि ज्याच्या तळहाताखाली तो येत होता त्या माणसाला, म्हणजे आमच्या अण्णांना, याचा पत्ता नव्हता.

आम्ही जुईनगरला राहतो. अण्णा आधी टेम्पो चालवायचे, आता पिकअप. रात्री दोनला उठायचं, वाशीच्या एपीएमसीत भाजी भरायची आणि उजाडायच्या आत नेरूळ-बेलापूरच्या दुकानदारांना पोचवायची. मुंबईचे घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने खाडीच्या या बाजूला आले तशी आमच्यासारखी कितीतरी घरं बाजारामागून इकडे आली. मूळ गाव सातारा जिल्ह्यात, त्यामुळे घरात बोली अजून तिकडचीच आहे.

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी अण्णा घरी आले ते धुसफुसतच. बाजारात गाडी पुढे घेताना पाठीवर गोण घेतलेला एक माथाडी कामगार बंपरच्या वीतभर पुढून गेला होता. अण्णांनी हॉर्न दिला होता. एकदा नाही, दोनदा. माणूस हलेना. करकचून ब्रेक मारून अण्णा खिडकीतून ओरडले, "बहिरा हाईस काय रं?" तो वळून म्हणाला, "हॉर्न तरी द्यायचा की मालक!"

"खोटं बोलतोय बघ वर तोंड करून," अण्णा मला चहाचा कप हातात धरून सांगत होते. मलाही तेच वाटलं.

मग आला रविवार. सोमवारी गाडी पासिंगला न्यायची होती. ज्यांच्या घरी धंद्याची गाडी नाही त्यांच्यासाठी: आठ वर्षांपेक्षा जुन्या व्यावसायिक गाडीला दरवर्षी तंदुरुस्तीचा दाखला घ्यावा लागतो. त्याला सगळे पासिंगच म्हणतात. दिवे, ब्रेक, वायपर, टायर आणि हॉर्न, सगळं दाखवावं लागतं. म्हणून सकाळी अकराच्या सुमारास मी केबिनमध्ये बसून एकेक बटण दाबत होते आणि अण्णा मागच्या बाजूला पाइप लावून चिखल धूत होते. इंडिकेटर ठीक. ब्रेकलाइट ठीक. मग हॉर्न दाबला. टिक्. पुन्हा दाबला. टिक्.

मागून अण्णांचा आवाज आला, "वाजतोय, वाजतोय. बास आता, लोकं झोपल्यात रविवारची."

"अण्णा, वाजलाच नाही."

"काय?"

"हॉर्न. वाजला नाही."

"अगं, आत्ता तर वाजला की पोरी."

मी उतरून मागे गेले. पाइप बंद केला. त्यांना केबिनमध्ये बसवलं, मी बंपरपाशी उभी राहिले आणि म्हटलं, आता दाबा. त्यांनी दाबला. माझ्याकडे बघितलं. पुन्हा दाबला. मग हात मांडीवर ठेवून गप्प बसून राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "मग तो गोणीवाला खरंच बोलत हुता."

बाजारात पहाटे तीनला शंभर गाड्या एकाच वेळी हॉर्न देत असतात. आपण दाबलं आणि कुठूनतरी हॉर्न ऐकू आला, की तो आपलाच, असंच डोकं धरून चालतं. हे मला पटलं. पण रविवारी, जुईनगरच्या गल्लीत, फक्त पाइपच्या पाण्याचा आवाज होता. तिथेही त्यांना तो 'ऐकू' आला होता. हे पटलं नाही. त्याच्याकडे परत येऊ. आधी हॉर्न.

रविवारी वायरिंगवाल्याचं दुकान बंद. माझं इलेक्ट्रिकलचं डिप्लोमाचं ज्ञान गंजत पडलेलं होतं, ते बाहेर काढायला याहून चांगला मुहूर्त नव्हता.

सुरुवात त्या 'टिक्'पासून करायची, कारण अर्धं निदान तिथेच होतं. स्टेअरिंगवरचं बटण हॉर्नला थेट वीज देत नाही. हॉर्न बरीच वीज खातो, आणि एवढी वीज स्टेअरिंगच्या बारीक तारांतून आणि बटणातून खेळवली तर दोन्ही लवकर जळतील. म्हणून मध्ये एक छोटी डबी असते, रिले. बटण दाबलं की अगदी थोडी वीज रिलेत जाते, आतल्या वेटोळ्याचं लोहचुंबक होतं, ते एक पत्ती ओढतं, आणि त्या पत्तीतून बॅटरीची जाडजूड वीज हॉर्नकडे धावते. पत्ती बसल्याचा आवाज म्हणजे टिक्. याचा अर्थ बटण चांगलं आहे, रिलेचं वेटोळं चांगलं आहे, बिघाड त्याच्या पुढे कुठेतरी आहे.

हा रिले मोटारींसाठी जन्मलेला नाही बरं का. १८३१ साली अमेरिकेत आल्बनी नावाच्या गावात जोसेफ हेन्री या शिक्षकाने एका दालनात भिंतीभोवती मैलभर तार गुंडाळली आणि एका टोकाने वीज सोडून दुसऱ्या टोकाची घंटा वाजवून दाखवली. पण तार आणखी लांब झाली की वीज दमते. मग युक्ती निघाली ती अशी: दमलेल्या विजेने फक्त एक पत्ती ओढायची, आणि त्या पत्तीने पुढच्या टप्प्यावरची ताजी बॅटरी सुरू करायची. रिले हा शब्दही टप्प्यावर बदलायच्या ताज्या घोड्यांवरून आलेला. तारायंत्र जगभर पसरलं त्यात या युक्तीचा मोठा हात. आपल्याकडे सरकारी तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, तुमच्यापैकी अनेकांनी तार कधी पाहिलीही नसेल. पण रिले तुमच्या घराखाली उभ्या असलेल्या जवळजवळ प्रत्येक गाडीत आहे. टिक्.

तर पुढे. बोनेट उघडलं. एक टेस्ट लॅम्प घेतला, म्हणजे काही नाही, बारा व्होल्टचा इंडिकेटरचा बल्ब आणि त्याला दोन तारा. एक तार बॅटरीच्या निगेटिव्हला चिमटा लावून धरली, दुसरी हॉर्नपर्यंत आलेल्या पिनला टेकवली आणि अण्णांना म्हटलं, दाबा. बल्ब लख्ख पेटला. म्हणजे फ्यूज ठीक, रिले ठीक, तार ठीक, वीज हॉर्नच्या दारापर्यंत येतेय. मग चिमटा बॅटरीवरून काढून हॉर्नच्याच दुसऱ्या पिनला लावला, जी बॉडीला अर्थ होते. दाबा. बल्ब मेला.

सापडला! वीज येत होती, तिला परत जायला वाट नव्हती. हॉर्नच्या अर्थची तार ज्या बोल्टखाली दाबलेली होती तो बोल्ट खाली वाकून बघितला तर नुसता तपकिरी गोळा. आमच्याकडे खाडीची खारी हवा आणि वर चार महिने पाऊस. जुईनगर-सानपाड्याच्या पट्ट्यात खिडकीचे गज टिकत नाहीत तिथे बोल्ट काय टिकणार.

घरी करणार असाल तर दोन-तीन गोष्टी ध्यानात ठेवा. तारांना हात घालण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवा, चाचणीपुरतं परत लावा. हॉर्नच्या तोंडाशी कान नेऊन कुणाला "दाब रे" म्हणू नका. स्टेअरिंगचं मधलं झाकण, आत एअरबॅग असेल तर, घरी उघडूच नका. आणि फ्यूज उडत असेल तर त्याच्या जागी तारेचा तुकडा घालायचा शहाणपणा करू नका. फ्यूज का उडतोय ते शोधा. गाड्या अशानेच पेटतात.

बोल्ट दहाच्या पान्याने सुटेना. रॉकेलचे दिवस गेले, अण्णांनी गंज काढायचा स्प्रे आणला, दहा मिनिटं थांबलो.

त्या दहा मिनिटांत एक प्रश्न डोक्यात आला. गाडीला हॉर्न लागतो, हे पहिल्यांदा कुणी ठरवलं?

तर ऐका. १८६५ साली इंग्लंडमध्ये एक कायदा झाला. तेव्हा रस्त्यावर पेट्रोलची गाडी नव्हती, वाफेवर चालणारी धुडं होती. कायदा म्हणाला, गावात ताशी दोन मैलांपेक्षा जोरात जायचं नाही, म्हणजे आपण चालतो त्याहूनही हळू, आणि गाडीच्या साठ यार्ड पुढे, साधारण पंचावन्न मीटर, एक माणूस लाल निशाण घेऊन पायी चालला पाहिजे. घोडे बिथरू नयेत, माणसं बाजूला व्हावीत म्हणून. इशारा देण्याचं काम माणसाकडे होतं. त्याला डोळे होते, कान होते, समोर आंधळा माणूस आला तर हाताला धरून बाजूला करण्याची अक्कल होती.

१८७८ साली निशाणाची सक्ती गेली. १८९६ साली नवा कायदा आला, हलक्या मोटारींपुढचा तो माणूसही गेला, आणि त्याच कायद्यात लिहिलं गेलं की अशा प्रत्येक गाडीला घंटा किंवा पुरेसा इशारा देणारं दुसरं एखादं वाद्य असलं पाहिजे. मला हे वाचून गंमत वाटली. हॉर्न हा खरं तर त्या निशाणवाल्याच्या जागेवर भरती झालेला नोकर. फक्त त्याला दिसत नाही आणि ऐकू येत नाही.

आपल्याकडे इशाऱ्याची वाद्यं आधीपासून होतीच. बैलांच्या गळ्यात घुंगरमाळा असायच्या, अंधारात गाडी लांबून कळायची. मुंबईत ९ मे १८७४ ला घोड्यांची ट्राम सुरू झाली, १९०७ ला विजेची आली. विजेच्या ट्रामचा चालक पायाने घंटा ठोकायचा. ३१ मार्च १९६४ ला शेवटची ट्राम गेली तोपर्यंत ती घंटा मुंबईच्या कानात होती. मग मोटारींबरोबर रबरी फुग्याचा भोंपू आला. फुगा दाबला की हवा पत्तीवरून जाते आणि पों होतं. रिक्षाच्या बाहेर लटकलेला तो भोंपू माझ्याही लहानपणी होता, आम्ही शाळेतून येताना उभ्या रिक्षाचा दाबून पळायचो. रस्त्यावरच्या 'हॉर्न वाजवू नका'च्या पाटीवर आजही चित्र जुन्या धाटणीच्या कर्ण्याचंच असतं, बटणाचं नाही.

शब्दाचंही बघा. इंग्रजीत हॉर्न म्हणजे शिंग. आपल्याकडे शिंग फुंकतात, आणि भांडण जाहीर करायचं असेल तर रणशिंग फुंकतात. सिग्नल हिरवा होण्याआधीच मागून जे वाजतं, ते यातलं कुठलं, तुम्हीच ठरवा.

बोल्ट सुटला. पॉलिश पेपरने बोल्ट, वॉशर, तारेचं टोक आणि बॉडीवरची जागा चकचकीत होईपर्यंत घासली. परत आवळलं. वर थोडं ग्रीस, गंज परत लवकर धरू नये म्हणून. दाबा!

"खर्र्र्र..."

दोन हॉर्नांपैकी एक वाजला, तोही घसा बसल्यासारखा. दुसरा ढिम्म. अण्णा म्हणाले, "हां! आता वाजला." मी म्हटलं, "हा वाजणं म्हणजे वाजणं नाही, अण्णा."

आमच्या गाडीला जोडी आहे, एक उंच सुराचा, एक खालच्या सुराचा. दोन्ही काढून ओट्यावर आणले. आईने आधी वर्तमानपत्र अंथरायला लावलं.

हॉर्नच्या आत काय असतं ते सांगते, कारण ते फार साधं आणि फार हुशार आहे. थाळीसारखा एक पातळ पोलादी पडदा. त्याच्या मागे तारेचं वेटोळं. आणि विजेच्या वाटेत एक टेकलेली पत्ती, तिला पॉइंट म्हणतात. वीज आली की वेटोळ्याचं चुंबक होतं आणि पडद्याला आत ओढतं. पडदा आत येता येता त्या पत्तीला ढकलतो, पॉइंट सुटतो, वीज तुटते. वीज तुटली की चुंबक मेलं, पडदा उसळून परत. पडदा परत गेला की पॉइंट पुन्हा टेकतो, वीज पुन्हा सुरू. हे सेकंदाला चारशेच्या आसपास वेळा. म्हणजे हॉर्न स्वतःच स्वतःला चारशे वेळा बंद आणि चालू करत असतो, आणि त्या थरथरीलाच आपण आवाज म्हणतो. जुन्या घरांच्या दारावरची ट्रिंग-ट्रिंग घंटी याच तत्त्वावर चालायची, फक्त तिथे पडद्याऐवजी टोला होता.

पॉइंट काळे पडले किंवा त्यांच्यातलं अंतर बिघडलं की घसा बसतो. त्यासाठी हॉर्नच्या पाठीवर एक छोटा स्क्रू असतो, बहुतेक वेळा त्यावर रंगाचा थेंब टाकून तो बसवलेला असतो. आधी मूळ जागेची खूण करून ठेवायची. मग बॅटरीवरून, फ्यूज घातलेल्या तारेने, हॉर्नला क्षणभर वीज द्यायची, थांबायचं, स्क्रू जेमतेम अष्टमांश फेरा फिरवायचा, परत क्षणभर वीज. एका बाजूला फिरवून आवाज बिघडला तर दुसऱ्या बाजूला. हार्मोनियम जुळवण्याइतकं नाजूक नाही, पण घाई चालत नाही. एका हॉर्नमध्ये पाणी साचून वाळलेलं होतं. कर्ण्याचं तोंड वर झालेलं होतं, ते नेहमी खाली हवं, नाहीतर पावसाचं पाणी आत राहतं. कुणीतरी कधीतरी बसवताना उलटं बसवलं असणार. मुक्या हॉर्नला तीन-चार वेळा क्षणभर वीज दिल्यावर त्याने आधी एक ढेकर दिली आणि मग एकदम असा बोंबलला की आईच्या हातातला चमचा पडला.

खालच्या मजल्यावरच्या काकूंनी ग्रिलमधून विचारलं, "काय चाललंय काय?" मी म्हटलं, "काकू, इतिहासाचा अभ्यास."

खोटं नव्हतं ते. कारण याच पडद्याच्या गोष्टीत एक माणूस आहे, त्याच्यासाठी मी हा भाग करतेय.

मिलर रीस हचिसन. जन्म १८७६, अमेरिकेतलं अलाबामा राज्य. त्याचा एक बालमित्र आजारपणात बहिरा झाला होता. त्या मित्रासाठी या पोराने विजेवर चालणारं ऐकण्याचं यंत्र करायला घेतलं. विशी-पंचविशीत त्याने ते करून दाखवलं, पुढे 'अकूस्टिकॉन' नावाने ते विकलं जाऊ लागलं. इंग्लंडची राणी अलेक्झांड्रा हिला कमी ऐकू यायचं, तिने ते वापरलं. विजेवर चालणाऱ्या पहिल्या श्रवणयंत्रांमध्ये याचं नाव घेतात.

आता याच हचिसनने पुढे काय बनवलं? १९०८ च्या सुमारास त्याने एक मोटारीचा हॉर्न बाजारात आणला. त्यात एक छोटी मोटर दातेरी चाक फिरवायची, त्या चाकाचे दाते पडद्यावरच्या एका खुंटीवर खडखडत घासायचे, आणि पडद्यातून जो आवाज निघायचा तो तुम्ही जुन्या इंग्रजी सिनेमांत ऐकलाय: आऊऊगा! नाव क्लॅक्सन. ग्रीक भाषेतल्या किंचाळणे या क्रियापदावरून. नाव ठेवणाऱ्याने काही लपवलं नव्हतं. पुढे हचिसन एडिसनकडे मुख्य अभियंता झाला, आणि एडिसनला स्वतःला धड ऐकू येत नव्हतं. मार्क ट्वेनच्या नावावर एक विनोद सांगतात, की या माणसाने लोकांना बहिरं करायला क्लॅक्सन काढला, म्हणजे त्यांना याचं दुसरं यंत्र विकत घ्यावं लागेल.

विनोद सोडा. पहिल्या महायुद्धात खंदकांमध्ये विषारी वायू आला की सैनिक हेच क्लॅक्सन वाजवून एकमेकांना सावध करायचे. तिथे त्या किंचाळीने जीव वाचवले. १९२१ मध्ये जर्मनीच्या बॉश कंपनीने मोटारींसाठी आपला विजेचा हॉर्न आणला, आणि पुढे दातेरी चाक जाऊन चुंबक-पॉइंट-पडदा हीच रचना सगळीकडे रुळली. ओट्यावर पडलेली आमची जोडी त्याच कुळातली.

दोन्ही हॉर्न जुळले. खाली जाऊन बसवले, तोंडं खाली करून. अण्णा केबिनमध्ये, मी समोर. दाबा! खणखणीत. अण्णा माझ्याकडे बघत होते, हॉर्नकडे नाही. माझा चेहरा बघून त्यांना कळलं की वाजला.

तिथे मला जे आधी पटलं नव्हतं ते उलगडलं. घरात टीव्ही मोठा असतो हे सगळ्यांना माहीत होतं. फोनवर अण्णा 'सात' गोणींच्या जागी 'साठ' ऐकतात यावर आम्ही हसायचो. कुणी एकत्र जोडून बघितलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात त्यांना तपासणीला नेलं. कानाला हेडफोन लावून बारीक-मोठे सूर ऐकवतात, ऐकू आला की बोट वर करायचं. कागदावर आलेला आलेख चार हजार हर्ट्झजवळ खड्ड्यात पडल्यासारखा खाली गेला होता, दोन्ही कानांचा, उजव्याचा जास्त. उजवा कान म्हणजे चालकाच्या खिडकीकडचा. मी डॉक्टरांना विचारलं, पडदा फाटलाय का? ते म्हणाले, पडदा शाबूत आहे. नुकसान त्याच्या आत आहे, कानातल्या शंखात, केसासारख्या पेशींचं. मोठा आवाज वर्षानुवर्षं पडत राहिला की त्या मरतात, आणि माणसात परत उगवत नाहीत. आधी जातात त्या उंच सुरांच्या. स, श, फ असली अक्षरं त्यामुळे पुसट होतात.

हॉर्नच्या पाठीवर स्क्रू असतो. कानाच्या नसतो. अण्णांनी विचारलं, "मग आता?" डॉक्टरांनी श्रवणयंत्राचं सांगितलं. सध्या ते प्रकरण 'बघू' वर आहे.

आठ तास सलग ऐकायला ८५ डेसिबल ही साधारण धोक्याची रेघ मानतात. मोटारीचा हॉर्न जवळून शंभराच्या वर असतो. हाच ८५ चा आकडा तुम्ही मुंबई पोलिसांच्या एका व्हिडिओत पाहिला असेल. जानेवारी २०२० मध्ये तो सगळ्यांच्या फोनवर फिरला: मुंबई वाहतूक पोलिसांनी काही सिग्नलना आवाज मोजणारं यंत्र जोडलं, हॉर्नचा गोंगाट ८५ च्या वर गेला की लाल दिव्याचे सेकंद परत पहिल्यापासून. पाटीवर लिहिलं होतं ते इंग्रजीत, पण अर्थ एवढाच: वाजवा खुशाल, थांबा खुशाल. आम्ही सगळे हसलो, फॉरवर्ड केला आणि दुसऱ्या दिवशी तसेच वाजवत निघालो.

त्याच्या बऱ्याच आधी, १९८५ मध्ये, डॉ. यशवंत ओक आणि त्यांचे सहकारी आवाजाच्या प्रश्नावर मुंबई उच्च न्यायालयात गेले होते. नंतर सुमैरा अब्दुलअली आणि त्यांच्या आवाज फाउंडेशनने रस्तोरस्ती आवाज मोजून आकडे लोकांसमोर ठेवले. नियम कमी नाहीत. केंद्रीय मोटार वाहन नियमांमध्ये ११९ क्रमांकाचा नियम प्रत्येक गाडीला हॉर्न सक्तीचा करतो आणि त्याच दमात वेगवेगळे सूर काढणारा किंवा कर्कश हॉर्न मना करतो. म्हणजे हॉर्न नसला तरी चूक, जास्त असला तरी चूक. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा, आणीबाणी सोडून, हॉर्न वाजवायचा नाही. २०१९ च्या दुरुस्तीने विनाकारण हॉर्नला पहिल्यांदा एक हजार आणि पुन्हा केलं तर दोन हजार दंड ठेवला. ऑक्टोबर २०२१ मध्ये नितीन गडकरी नाशिकला म्हणाले होते की हॉर्नमध्ये बासरी, तबला, हार्मोनियमचे सूर असावेत असा कायदा करायचा विचार आहे. माझं प्रामाणिक मत: एपीएमसीत पहाटे तीनला शंभर हार्मोनियम एकदम वाजल्या तरी अण्णांच्या उजव्या कानाचं काही भलं होणार नाही.

आणि हो, 'हॉर्न ओके प्लीज'. ट्रकच्या मागे ते का लिहायचे याच्या कथा पाच-सहा आहेत, युद्धकाळातल्या रॉकेलपासून साबणाच्या जाहिरातीपर्यंत, तुमच्या काकांना विचारा, सातवी सांगतील. मला त्यातला व्यवहार महत्त्वाचा वाटतो. अरुंद रस्ता, आरशांचा भरवसा नाही, समोर घाट. मागच्याने सांगितल्याशिवाय पुढच्याला कळणार कसं? म्हणून पुढचा मागच्याला विनंती करतो, बाबा, वाजव आणि मग पुढे जा. विनंती होती ती. २०१५ साली महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने हे शब्द लिहायला बंदी केली, कारण त्याने हॉर्न वाजवायला उत्तेजन मिळतं. आमच्या पिकअपच्या फळीवर पेंटरने ते पिवळ्या अक्षरांत काढलं होतं, बाजूला दोन कमळं. अण्णांनी शब्द पुसले, कमळं ठेवली.

मी त्यांना एकदा विचारलं, दिवसातून किती वेळा दाबता? म्हणाले, "मोजलं नाही कधी. हात आपोआप जातो." मग म्हणाले, "दाबला की बरं वाटतं. आपण काहीतरी केलं असं वाटतं." महिनाभर तो वाजत नव्हता आणि त्यांची गाडी नेहमीसारखीच चालत होती, भाजी नेहमीच्या वेळेला पोचत होती. एकोणतीस-तीस दिवस काहीच अडलं नाही. एका पहाटे मात्र, त्या गोणीवाल्याच्या वेळी, खरोखर गरज होती. हे दोन्ही खरं आहे, आणि मी दोन्हींमध्ये अजून अडकलेली आहे.

आता सोमवारची पहाट सांगते आणि थांबते. पासिंगला जायच्या आधी एक फेरी मारून यायची होती, म्हणून अण्णा निघाले. आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या असतात, मध्ये पिकअप जेमतेम बसते, आणि कोपऱ्यावर कायम कुणीतरी बाइक आडवी लावतं. शिवाय त्या वेळेला फिरायला निघालेली म्हातारी माणसं, कानात इअरफोन घातलेली पोरं, रस्त्याच्या मधोमध झोपलेली कुत्री. रोज अण्णा गल्लीच्या तोंडापर्यंत तीन-चार वेळा हॉर्न द्यायचे.

त्या दिवशी मी खाली उतरले. मोबाइलचा टॉर्च लावला आणि गाडीच्या पुढे चालायला लागले. एका आजोबांच्या कोपराला धरून बाजूला घेतलं. बाइक सरकवली. कुत्र्याने एक डोळा उघडून बघितलं, उठलं नाही. त्याला पायाने हळूच ढोसलं. मागून पिकअप चालण्याच्या वेगाने येत होती. कोपऱ्यावर पोचल्यावर मी बाजूला झाले आणि टॉर्च हलवला.

अण्णांनी काच खाली केली. "झोप जा आता," म्हणाले, आणि मग, "चप्पल तरी घालायची व्हती." मी खाली बघितलं. अनवाणीच आले होते.

पासिंग झालं. हॉर्न तिथे एकदाच वाजवायला लावला.